गाळेगावची पात

"पात मोकळी ठिवायची न्हाई, छबू. मी गेले की तू धरायची, तुज्या मागं तुजी सून धरंल. बाई बदलंल, पात न्हाई बदलायची. नदीपल्याडच्या बाईनं मान वर करून बगितलं, तर वळीत खिंडार दिसायचं न्हाई."

सासू हे बोलली तेव्हा ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. हरभऱ्याच्या आंबेनं, पानांवरच्या त्या आंबट, झोंबऱ्या ओलीनं तिच्या टाचा उलल्या होत्या आणि छबूबाई त्या भेगांत एरंडेल जिरवत होती. "व्हय आत्याबाई," एवढंच छबूबाई म्हणाली होती. त्या दसऱ्याच्या आधीच धुरपदाबाई गेली. तिच्या मागं माळवाडीच्या बायांची म्होरकी छबूबाई झाली. कुणी निवडलं नाही, कुणी विचारलं नाही. धुरपदाची पात, शेतात उपटत जायची तिची ओळ, तिच्या सुनेकडं आली, तिच्याबरोबर म्होरकेपणही आलं.

माळवाडी खडकाळ माळावर वसलेली. हातभर खाली खणलं की मुरूम लागतो. तिथला हरभरा शिवरातीच्या आधीच वाळतो, आणि सगळ्यांचा एकदम वाळतो. पहाटेच्या दहिवरात, घाटे नरम असताना उपटला तर घरात येतो. ऊन चढलं की घाटे तडकतात आणि दाणा ढेकळांत जातो. दुधनेच्या पलीकडं गाळेगाव. तिथली जमीन गाळाची, ओल धरून बसणारी. त्यांचा हरभरा शिवरात झाल्यावर वाळतो. म्हणून आधी गाळेगावच्या बायांनी नदी उतरून माळवाडीचा हरभरा उपटायचा आणि मग माळवाडीच्या बायांनी जाऊन गाळेगावचा, अशी रीत कधीची पडलेली होती. रोजंदारी नाही, मजुरी नाही. पातीला पात.

ह्यात एक गोष्ट मात्र होती. माळवाडीचं काम नेहमी आधी व्हायचं. आपला हरभरा खळ्यात पडल्यावर नदी उतरून जायचं की नाही, हे दर साली माळवाडीच्या मनावर असायचं. दर साली माळवाडी गेली होती. रझाकाराच्या साली पुरुषमाणसं नदीकाठाला फिरकायला धजत नव्हती, तेव्हाही दोन्हीकडच्या बाया लुगडी खोचून पहाटेच्या पाण्यात उतरल्या होत्या.

आता निजाम गेला होता, मुंबईचं राज्य आलं होतं. पलीकडची म्होरकी कस्तुराबाई डोळ्यांनी अधू होऊन पालमला लेकीकडं राहायला गेली होती. तिच्या जागी तिची सून बायनाबाई आली. पोर अंगानं किडकिडीत, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. तिच्याबरोबरच्या निम्म्या बाया छबूबाईनं कधी पाहिलेल्या नव्हत्या. लग्न होऊन आलेल्या, नाहीतर लग्न होऊन गेलेल्यांच्या भावजया. पण त्या आल्या. अंधूक दिसायला लागलं की वाकायच्या, ऊन टोचायला लागलं की बांधावर यायच्या. हातांना आंबेची पांढरी पुटं, ओठ फुटलेले. एक बाई उपटता उपटता बाजूला जाऊन ओकली, तोंडावर पाणी मारून परत पातीवर आली.

माळवाडीच्या बाया मागं रेंगाळत होत्या. स्वतःच्याच शेतात कंबर धरून उभ्या राहायच्या.

शेवटच्या दिवशी यजमान गावानं जेवण घालायचं असतं. घरोघरची डाळ आणि गूळ गोळा करून पुरण शिजवायचं, पोळ्या लाटायच्या. यंदा स्वयंपाक छबूबाईच्या अंगणात होता. तिचा दीर सुग्रीव डाळीचं पोतं घेऊन आला आणि त्यानं ते परातीत रितं केलं. डाळीला जाळी धरली होती. जाळीत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, आणि परातीच्या कडेवरून सोंडे चढत होते.

"भाऊजी, ही कनगीच्या बुडाची डाळ हाय," छबूबाई म्हणाली.

"शिजली की समदी डाळ एकच दिसती, वैनी."

"आन् गोळा केलेली?"

"हाय की घरात. आपल्या लेकरायला नको का?"

सुग्रीवची बायको दैवशाला चुलीपाशी बसली होती. पाथरीकडची पोर, गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. पदर तोंडाला लावून ती हसली. "अक्का, त्यान्ला कुठं ठाव हाय माळवाडीचं पुरण कसं आसतंय? निम्म्या तर पयल्यांदाच आल्यात."

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. छबूबाईनं तोंड उघडलंही. पण आजूबाजूच्या बाया डाळ निवडल्यासारखं करत खाली बघत राहिल्या, आणि तिनंच डाळ धुवायला घेतली. डाळ चढली. वर काळपट फेस आला. तिनं तो पळीनं काढून टाकला, परत आला, परत काढला. त्या फेसात काय काय होतं ते तिनं बघितलं आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तरीही ते पुरण तिनंच वाटलं, पोळ्यांत भरलं आणि स्वतःच्या हातानं वाढलं.

गाळेगावच्या बाया रांगेनं जेवायला बसल्या. बायनाबाईनं पहिला घास मोडला. बोटानं काहीतरी उचलून तिनं पत्रावळीच्या कडेला ठेवलं. थोड्या वेळानं आणखी एक ठेवलं. तिच्या बाया तिच्याकडं बघत होत्या. ती जेवली. मग त्याही जेवल्या. दैवशाला खांबाआडून बघत होती.

हात धुऊन बायनाबाई छबूबाईसमोर आली. "मावशी, आमचा शिवरातीच्या मागून वाळंल. सांगावा धाडू?"

"सांगावा कशाला? येताव की."

"समद्या?"

"समद्या."

"जबान हाय?"

छबूबाईच्या हातात अजून पळी होती. "हाय," ती म्हणाली.

खळ्यावर हरभऱ्याचा ढीग पडला. छबूबाईचा नवरा व्यंकटी काठीनं ढीग बडवत होता. अंगावर भुसा चिकटलेला, नाकातोंडात आंबट धूळ. छबूबाई सुपानं वाऱ्यावर देत होती. तिथं सुग्रीव आला. झरीच्या सडकेचं काम निघालं होतं. दिनकरराव गुत्तेदारानं सुग्रीवला मुकादम केलं होतं, तेव्हापासून तो डोक्याला पटका न बांधता पांढरी टोपी घालायचा आणि बोलताना लांबवर थुंकायचा.

"दादा, खडी फोडायला बाया पायजेत. शिवरात झाली की काम सुरू. माळवाडीच्या समद्या बाया येताल म्हनून सांगून आलाव."

व्यंकटीनं काठी थांबवली. बायकोकडं बघितलं आणि परत बडवायला लागला.

"शिवरातीमागं गाळेगावला जायाचंय," छबूबाई म्हणाली.

"कोन म्हनलं?"

"मी जबान दिलीय. तुमच्यासमूर."

"जबान कोनाची आन् कोनाला?" सुग्रीव खळ्याच्या कडेला बसला. "ह्ये आमच्या आईचं आन् कस्तुरामावशीचं व्हतं. आई वर गेली. मावशी पालमला बसलीय, तिला रात न्हाई न् दिस न्हाई. दोगीबी न्हाईत. मंग कोन कोनाचं लागतंय, सांगा."

"आवंदा हरभरा कुनी उपटला? तुमच्या आईनं?"

"उपटला. जेवल्या, गेल्या. फिटलं."

"जेवल्या," छबूबाई म्हणाली. तिनं सूप उलटं धरून झटकलं.

विहिरीवर बायांचंही तेच चाललं होतं. छबूबाई गेली तेव्हा बोलणं मध्येच तुटलं. मग दैवशालानंच परत सुरू केलं. "अक्का, राग नका धरू. मी आत्याबाईन्ला बगितलंबी न्हाई. मी कुठं काय कबूल केलं व्हतं? आन् त्यांच्यातल्या निम्म्या आपल्याला वळखत न्हाईत. पुढल्या साली आनकी बदलतेल. कोन आलं, कोन न्हाई आलं, कोन ध्यानात ठिवायलंय?"

"तू त्यांनी उपटलेल्या हरभऱ्याचं पिठलं खाल्लंस न्हवं सकाळी?"

"ते समद्यांनीच खाल्लं."

बाया हसल्या. छबूबाईनं कमलबाईकडं बघितलं. कमलबाई धुरपदाबाईच्या बरोबरीची. रझाकाराच्या साली नदी उतरलेल्यांपैकी आता तीच एक पातीवर उरली होती. ती बोलेल असं छबूबाईला वाटलं होतं.

"माज्याकडं नको बगूस, छबू," कमलबाई म्हणाली. "धुरपदा व्हती तवर मी एक दिस चुकवला न्हाई. तिच्या तोंडाकडं बगून जात व्हते. ती गेली, माजं सरलं. खडीवर हप्त्याला पैसा हातात पडतुया. नातवाच्या अंगात आंगडं न्हाई."

दैवशाला बोलली तेव्हा छबूबाईला राग आला होता. कमलबाईचं ऐकून मात्र तिनं न भरताच घागर उचलली. एवढी वर्षं जी बाई तिच्या शेजारच्या पातीवर वाकली होती, ती गावासाठी नाही, एका बाईच्या तोंडाकडं बघून वाकली होती. ते तोंड गेल्यावर मागं काहीच नव्हतं.

शेवटी सुग्रीवनं तोड काढली. पारावर, सगळ्यांसमोर, गावाची अब्रू राखल्याच्या थाटात.

"माळवाडी गेलीच न्हाई आसं कुनी म्हनायला नको. एक दिस जाऊत. ज्या खडीवर कामाच्या न्हाईत त्या जातेल. म्हाताऱ्या, पोरीसोरी. त्यांनी काय हात मोजले व्हते का? डोकी भरली म्हंजी झालं."

पारावरच्या पुरुषांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "आक्कल लागती मुकादम व्हायला." सुग्रीव टोपी सारखी करत हसला.

शिवरातीच्या पारण्यानंतर छबूबाई ती टोळी घेऊन निघाली. एक खोकलणारी म्हातारी, एक मोतीबिंदूवाली, एक दिवस भरत आलेली, आणि परकरातल्या पोरी. धडधाकट म्हणावी अशी ती स्वतः आणि कमलबाई. कमलबाईला खडीवर दुसऱ्या दिवसापासून घेणार होते, तेवढा दिवस मोकळा होता म्हणून ती आली. नदी उतरतानाच उजाडलं. म्हातारीला पाण्यातून हात धरून न्यावं लागलं.

गाळेगावच्या बाया केव्हाच्या वाकल्या होत्या. त्यांनी माना वर केल्या. बायनाबाईची नजर टोळीवरून फिरली, म्हातारीवर थांबली, पोरींवर थांबली, आणि शेवटी छबूबाईवर आली. छबूबाईनं खाली बघितलं. तिच्या पायांच्या बोटांना नदीतलं शेवाळ चिकटलं होतं, हिरवं, बुळबुळीत. तिला वाटलं, आपण सगळ्याच अशा दिसतो आहोत.

"धरा पाती," बायनाबाई म्हणाली.

पाती धरल्या. मोतीबिंदूवाली हरभऱ्याबरोबर तणही उपटत होती आणि दोन्ही एकाच ढिगात टाकत होती. पोरी मधले हिरवे राहिलेले घाटे सोलून खात होत्या, फुटलेली टरफलं शेजारच्या पातीत फेकत होत्या. खोकलणारी बाभळीखाली जाऊन बसली ती बसलीच. थुंकून थुंकून तिनं पुढ्यातली माती ओली केली. दिवस भरत आलेलीला वाकताच येत नव्हतं, ती बसून सरकत होती आणि तिच्या मागं दाणे सांडत होते. उन्हं चढली तसे घाटे तडकायला लागले. कमलबाई हात चालवत होती, पण आपल्याच पातीपुरती. शेजारी खिंडार पडलं तर तिकडं बघत नव्हती.

छबूबाईनं आपली पात संपवली, शेजारची धरली, तिच्या शेजारची धरली. हातांच्या भेगांत आंब उतरली. लुगड्यातल्या घामाचा आंबट वास तिचा तिलाच सहन होत नव्हता.

जेवणाला बायनाबाईच्या ओसरीवर पंगत बसली. ताज्या पुरणाच्या पोळ्या, गुळवणी, वर तुपाची धार. छबूबाईचा सोमवार होता. तिनं पान घेतलं नाही, कडेला पाण्याचा तांब्या घेऊन बसली. तिच्या गावच्या बाया जेवत होत्या ते ती बघत राहिली. म्हातारी खोकत होती आणि खोकता खोकता गिळत होती. तोंडातलं पुरण हनुवटीवर आलं ते बोटानं परत आत लोटत होती. पोरींनी तिसऱ्यांदा मागितलं. कमलबाईनं इकडंतिकडं बघितलं, दोन पोळ्या दुमडल्या आणि ओटीत खोवल्या. लुगड्यावर तुपाचा डाग हळूहळू पसरत गेला. वाढणारीनं तो बघितला. तिनं कमलबाईच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

छबूबाई उठून अंगणामागं गेली. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त पडलं. देवाचं नाव घेऊन तिनं चूळ भरली. मागं बायनाबाई उभी होती.

"उपास बाधला का, मावशी?"

"न्हाई गं माय."

बायनाबाईनं तिच्या हातावर पाणी ओतलं. सावकाश बोलायला लागली, कुणाला ऐकू जाणार नाही अशी. "आत्याबाई पालमला जाताना मला म्हनल्या, माळवाडीची काळजी करू नगंस, त्या येतेत. मी आवंदापासून म्होरकी. तुमच्याकडून जेवून आलाव तवाच बाया मला इचारायल्या, ह्यांचा हरभरा आपुन कशाला उपटला? मी म्हनलं, डाळ एकांद्या घरची आसंल, गाव तसं न्हाई." तिनं तांब्या सरळ केला. "आज काय सांगू त्यान्ला?"

छबूबाईच्या हातावरचं पाणी सांडून गेलं. "आमी उद्या..." ती म्हणाली.

"उद्या न्हाई आलाव तरी चालंल. तकलीफ नगं. आमचं आमी करूत, जेवढं व्हईल तेवढं. उरलेलं मातीत जाईल." आणि मग, अगदी हळू, "तुमी चांगल्या हाव, मावशी. पर तुमी एकल्याच हाव."

परत येताना नदीच्या वाळूत पोरी उड्या मारत होत्या. 'उद्या येऊ नका' हे छबूबाईकडून सगळ्यांना कळलं होतं. खोकलणारीसुद्धा खुलली होती. "त्यांनीच न्हाई म्हनलं बाई, आपुन कुठं न्हाई म्हनलं?" ती ज्याला त्याला सांगत होती. कमलबाई ओटी सांभाळत पुढं चालली होती. वेशीवर सुग्रीव उभा होता. त्यानं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"बगा वैनी. गेलाव बी, सुटलाव बी. गावाचं नाव राह्यलं. उद्या तुमीबी या खडीवर, तुमाला मी सावलीचं काम देतो, बायांवर ध्यान ठिवायचं."

"सुग्रीव," छबूबाई म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून तिनं दिराला नावानं हाक मारली नव्हती. तोही चमकला. त्याच्या दातांत सुपारीचा तुकडा अडकला होता आणि तो जिभेनं काढायला बघत होता. ती बाजूनं निघून गेली.

संध्याकाळी तिनं तुळशीपुढं दिवा लावला, उपास सोडायला बसली आणि भाकरीचा तुकडा नुसता हातात धरून राहिली. व्यंकटी समोर जेवत होता. त्याच्या ताटात पिठलं होतं, नव्या हरभऱ्याचं. त्यानं दोन घास खाल्ले आणि ताट थोडं पुढं सरकवलं.

"बायनाबाई काय म्हनली?"

"येऊ नका म्हनली."

"मंग?"

"मी येताव म्हनले व्हते. त्याच डाळीचा फेस काढलेली पळी हातात धरून."

व्यंकटी ताटाकडं बघत बोलला. "सुग्र्या बोंब मारंल. चार लोक हसतेल. एकल्या बाईनं किती उपटायचं? अख्खी नदीकाठची गाळपेर हाय त्यांची."

"एक पात व्हईल."

"आन् त्यांनी हाकलून दिलं तर?"

"देऊ द्या. त्यान्ला हाकलायचा हक हाय."

व्यंकटी तांब्यातलं पाणी प्यायला. "मी यीऊ का?" त्यानं विचारलं, पण डोळे वर केले नाहीत. तो येणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. सुग्रीवशी बांधाला बांध होता, एका मोटेचं पाणी होतं. छबूबाईला त्याचा राग आला नाही. राग येण्याइतकंही काही तिच्यात उरलं नव्हतं. होती ती फक्त शिसारी. दिवसभराच्या घामासारखी कातडीला चिकटलेली, आणि त्यात ती स्वतःलाही सोडत नव्हती.

"तुमी जनावरांचं बगा," ती म्हणाली.

कोंबडा आरवला तेव्हा ती अंघोळ करून तुळशीला पाणी घालत होती. पाणी घातल्याशिवाय तोंडात थेंब नाही, हा तिचा नेम. प्रदक्षिणा घातली, हात जोडले, काही मागितलं नाही. जुन्या धोतराच्या चिंध्या बोटांना गुंडाळल्या, दातांनी गाठी आवळल्या. भाकरी फडक्यात बांधली, आपल्यापुरती; त्यांच्या ओसरीवर बसून जेवायची तिची तयारी नव्हती.

वेशीवर बाया जमायला लागल्या होत्या. हातांत हातोड्या, डोक्यावर रिकाम्या पाट्या. झरीच्या सडकेला जायचा रस्ता उजवीकडं वळत होता. दैवशाला नवी चोळी घालून पुढं उभी होती; कमलबाई पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती. छबूबाईला येताना बघून ती उठली आणि पाटी झटकायला लागली, पाटीत काही नसताना.

छबूबाई त्यांच्याजवळून गेली आणि डावीकडं, उताराला लागली.

"वैनी," मागून सुग्रीवचा आवाज आला. "सडक हिकडं हाय."

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. छबूबाईनं लुगड्याचा काठ वर खोचला आणि खाली दुधनेकडं चालत राहिली. दहिवरानं गवत ओलं होतं, पोटऱ्या गार पडत होत्या. ऊन वर यायला अजून अवकाश होता.